दंड भरायचा कुणी?

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी रात्री पिट्सबर्गहून नातवाचा फोन आला. म्हणजे इथे सोमवारची सकाळ होती. मी नुकताच चहा ठेवला होता. एरवी हा मुलगा "आजी, कशी आहेस, जेवलीस का" यापुढे फारसं बोलत नाही. सोळा वर्षांचं वय, आजीशी बोलायला विषय तरी काय असणार! पण त्या दिवशी स्वारी तावातावाने बोलत होती. त्याच्या आवडत्या बचावपटूला लीगने दंड ठोठावला होता, आणि तो दंड कसा अन्यायाचा आहे हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. बापाशी भांडून झालं होतं, आईने लक्ष दिलं नव्हतं, उरली आजी.

मी आपली शिक्षिकेच्या सवयीने म्हणाले, "अरे, समोरच्याचं डोकं फुटायची वेळ आली, आणि दंड नको म्हणतोस?"

"आजी, तुला खेळ कळत नाही," तो म्हणाला.

हे खरंच आहे. मला तो खेळ पूर्ण कळत नाही. पण दंड म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. तेहेतीस वर्षं शाळेत काढली आहेत, आणि तेवढ्या काळात दंड केले आहेत, माफ केले आहेत, आणि एक दंड असा केला आहे की तो आजही मला झोपेतून उठवतो. त्याबद्दल पुढे सांगेन. आधी खेळाबद्दल.

तर मंडळी, हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्याला ते लोक सॉकर म्हणतात. यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, नाहीतर तो फेकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा, आणि समोरच्या संघाने त्या माणसाला अंगावर जाऊन पाडायचं. अंगात चिलखत, डोक्यावर हेल्मेट. पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला तेव्हा मला वाटलं की हे सगळे एकमेकांवर रागावलेले आहेत. नंतर कळलं, रागावलेले नाहीत, कामावर आलेले आहेत.

मी पहिल्यांदा पिट्सबर्गला गेले ती २०१० च्या शरद ऋतूत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. नातू तेव्हा वर्षा-दीड वर्षाचा, मांडीवर मावणारा. अख्खं शहर काळ्या-पिवळ्या रंगाचं. दुकानात काळं-पिवळं, बसमध्ये काळं-पिवळं. पेन हिल्सच्या वेंकटेश्वराच्या देवळात गेलो तर तिथेही सोवळ्यातल्या पुजाऱ्यांसमोर दोन मुलं स्टीलर्सचे शर्ट घालून हात जोडून उभी! मला गंमत वाटली. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर जसा एकच रंग दिसतो तसं काहीसं.

त्या १७ ऑक्टोबरला स्टीलर्सचा सामना क्लीव्हलँड ब्राऊन्स या शेजारच्या शहरातल्या संघाशी होता. मुलगा टीव्हीसमोर, मी नातवाला खेळवत मागे. स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन नावाचा एक धिप्पाड बचावपटू होता. त्या एकाच दुपारी त्याच्या धडकेने क्लीव्हलँडचे दोन खेळाडू सामन्याबाहेर गेले. एक जोशुआ क्रिब्ज, दुसरा मोहम्मद मासाक्वॉय. दोघांच्याही मेंदूला हादरा बसला होता. दिवाणखान्यात आमच्याकडे आलेले मुलाचे मित्र टाळ्या वाजवत होते. सामना २८-१० असा जिंकला, पिझ्झा आला, सगळे खूश.

आणि दोन दिवसांनी बातमी आली की हॅरिसनला ७५ हजार डॉलर दंड. त्या वेळच्या भावाने तेहेतीस लाख रुपयांच्या आसपास. त्याच रविवारच्या दुसऱ्या दोन सामन्यांतल्या धडकांबद्दल अटलांटाच्या डंटा रॉबिन्सनला आणि न्यू इंग्लंडच्या ब्रँडन मेरिवेदरला प्रत्येकी ५० हजार. शिवाय लीगने जाहीर केलं की यापुढे अशा धडकांसाठी नुसता दंड नाही, सामन्यातून बंदीसुद्धा होईल.

आता यातली गंमत बघा. हॅरिसनला दंड झाला तो मासाक्वॉयला दिलेल्या धडकेबद्दल. क्रिब्जला दिलेली धडक नियमात बसणारी ठरली! कारण क्रिब्ज चेंडू घेऊन पळत होता, म्हणजे तो स्वतःला सांभाळू शकत होता असं धरलं गेलं. मासाक्वॉय चेंडू झेलण्याच्या प्रयत्नात होता, म्हणून तो 'असहाय' खेळाडू. धडक देणारा तोच, दुपार तीच, दोघांच्या डोक्याची अवस्था तीच. एका धडकेला शून्य दंड आणि दुसरीला ७५ हजार. आणि मैदानावरच्या पंचांनी तर मासाक्वॉयच्या वेळीही पिवळा रुमाल टाकला नव्हता.

हॅरिसन चिडला. खेळ सोडून देण्याचा विचार करतोय म्हणाला, एक दिवस सरावालाही गेला नाही. मग परतला. मी तेव्हा मुलाला म्हणाले होते, "नाटकी दिसतोय." या माणसाचा करार सहा वर्षांचा, पाच कोटी डॉलरहून मोठा. ७५ हजार गेले तर त्याचं काय अडलं? मुलगा म्हणाला, "आई, पैशाचं नाही गं. त्याला लहानपणापासून जे शिकवलं, त्याबद्दलच आज त्याला गुन्हेगार ठरवलं." मी ते तेव्हा सोडून दिलं. आता नातू पंधरा वर्षांनी तेच म्हणतोय, तेव्हा नीट विचार केला पाहिजे असं वाटलं. म्हणून हा लेख.

नातवाची बाजू आधी मांडते. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडू नये, असं आम्हाला बी.ए.ला शिकवलं होतं.

त्याचं म्हणणं असं. बचावपटू जोरात धावत येतो. झेलणारा उडी मारतो, चेंडू हातात येतो न येतो तोच धोका ओळखून तो मान खाली घालतो. ज्या छातीवर बचावपटू नेम धरून आला होता तिथे आता डोकं आहे. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आणि दंड ठरवणारे न्यूयॉर्कच्या कार्यालयात बसून तेच चित्र हळू करून, थांबवून, मागेपुढे करून बघतात. ज्याला अर्धा सेकंदही मिळाला नाही त्याचा निवाडा अर्धा तास बघून करायचा, हा कुठला न्याय?

हा मुद्दा मला पटतो. वर्गात मागच्या बाकावर दोन मुलांत झटापट झाली की आपण फक्त शेवटचा फटका बघतो. आधीचं काही दिसत नाही. जो पकडला जातो तो गुन्हेगार.

पण आता दुसरी बाजू.

१९७८ सालच्या ऑगस्टच्या १२ तारखेची गोष्ट. ओकलंडला एक सरावाचा सामना होता. त्याच्या निकालाला काही महत्त्व नव्हतं. डॅरिल स्टिंग्ली नावाचा २६ वर्षांचा खेळाडू पास झेलायला झेपावला आणि जॅक टेटमने त्याला धडक दिली. स्टिंग्लीच्या मानेचे मणके मोडले. तो मानेखाली लुळा झाला आणि उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत काढून २००७ मध्ये गेला. त्या धडकेबद्दल पंचांनी काही दिलं नाही, कारण तेव्हाच्या नियमात ती चूकच नव्हती. एक आयुष्य संपलं, आणि कागदोपत्री काही घडलंच नाही.

आणि पिट्सबर्गचाच माईक वेबस्टर. स्टीलर्सकडून खेळून चार वेळा अजिंक्यपद मिळवलेला. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. शेवटची वर्षं भ्रमिष्टासारखी गेली. त्याच शहरात डॉ. बेनेट ओमालू नावाच्या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरांनी त्याचं शवविच्छेदन केलं आणि मेंदूत जे सापडलं ते २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. सीटीई म्हणतात त्या विकाराला. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी मेंदू आतून कुरतडला जातो. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो निबंध मागे घ्या असा आग्रह धरला होता. पुढे साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले, २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, आणि नंतर ती कमाल मर्यादाही काढून टाकावी लागली. चूक मात्र लीगने कबूल केली नाही.

हे सगळं वाचल्यावर "दंड नकोच" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. डोकं हे डोकं आहे. गुडघा बदलून मिळतो, माझाच एक बदललेला आहे. डोकं बदलून मिळत नाही.

मग दंड हवा. पण कुणाला, किती, आणि तेवढ्याने भागतं का? माझं नातवाशी भांडण इथून पुढे सुरू होतं, आणि लीगशीही.

आधी 'किती' हे बघू. लीगची दंडाची कोष्टकं ठरलेली असतात. पहिल्या चुकीला एवढे, दुसऱ्या चुकीला एवढे. खेळाडू नवखा असो की मातब्बर, रकमेची सुरुवात तिथूनच. २०२५ च्या मोसमात नवख्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होतं. आणि पिट्सबर्गच्याच टी. जे. वॉटने त्या वर्षी केलेला करार वर्षाला सरासरी ४ कोटी १० लाखांचा. म्हणजे जवळजवळ पन्नास पट. एकाच रकमेने एकाचा आठवड्याचा पगार निम्मा व्हावा आणि दुसऱ्याला ते कळूही नये. अपील करताना 'माझ्या पगाराच्या मानाने हा दंड फार आहे' असं खेळाडूला म्हणता येतं, ही त्यातली बरी गोष्ट. अपील ऐकणारे अधिकारीही लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून नेमतात. आणि दंडाचे पैसे लीगच्या खिशात जात नाहीत, माजी खेळाडूंच्या मदतीला आणि धर्मादाय कामांना जातात. हेही न्यायाने सांगितलं पाहिजे.

पण मुळात प्रमाण का नको? आपल्या क्रिकेटमध्ये सामन्याच्या मानधनाच्या इतके टक्के असा दंड होतो. शिवाय खात्यावर वाईट गुण जमा होतात, ते साठले की बंदी. फिनलंड देशात तर गाडी फार वेगाने चालवली तर दंड माणसाच्या मिळकतीवरून ठरतो. श्रीमंताला जास्त, गरिबाला कमी. दोघांच्या डोळ्यांत पाणी सारखंच यायला हवं हा त्यातला विचार. मला तो फार आवडला.

आता 'तेवढ्याने भागतं का?' इस्राएलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग मुलाने मला वाचून दाखवला होता. २००० साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. तिथल्या काही पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा येत. बाई बिचाऱ्या ताटकळत. म्हणून उशिराला छोटा दंड लावला. झालं काय, तर उशीर करणारे पालक वाढले! कारण आधी लाज वाटायची, आता पैसे टाकले की झालं. दंड हा दंड राहिला नाही, भाडं झालं. आणि नंतर दंड काढून टाकला तरी ती लाज काही परत आली नाही.

शाळेत काम केलेल्या कुणालाही हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाहीत. गणवेश न घातल्याबद्दल चार आणे दंड होता तेव्हा सावकाराचा मुलगा महिन्याचे पैसे आगाऊच आणून द्यायचा! खरंच. मी स्वतः घेतलेत. म्हणून मला बंदी ही दंडापेक्षा न्याय्य वाटते. मैदानाबाहेर बसवलं की कोट्यधीशही बसतो आणि नवखाही बसतो. संघाचंही नुकसान होतं, म्हणून प्रशिक्षकालाही जाग येते. हॅरिसनलाच २०११ च्या डिसेंबरमध्ये एका सामन्याची बंदी झाली. पुन्हा क्लीव्हलँडविरुद्धच, या वेळी कोल्ट मकॉयच्या तोंडावर हेल्मेट आदळल्याबद्दल.

पण त्याच प्रसंगातली दुसरी गोष्ट मला जास्त छळते. धडक बसलेल्या मकॉयला त्याच्या स्वतःच्या संघाने, मेंदूला हादरा बसलाय का हे न तपासताच, दोन चालींनंतर पुन्हा मैदानात उतरवलं. हादरा बसलेला होता, ते नंतर कळलं. धडक देणाऱ्याला बंदी झाली. तपासणी न करता पाठवणाऱ्या संघाला काहीही शिक्षा झाली नाही. नियम तेवढा सुधारला, मैदानावर लक्ष ठेवायला वरून एक जाणकार बसवायचं ठरलं. सुधारणा चांगलीच, पण हिशेब बघा. अर्ध्या सेकंदात चुकला त्याला शिक्षा, आणि ज्यांच्या हाती सावकाश विचार करायला वेळ होता त्यांना फक्त सूचना.

आता 'कुणाला?' या प्रश्नाकडे येते. आणि इथे मला माझी गोष्ट सांगायची आहे.

१९८६ साल. सांगली जिल्ह्यातली आमची शाळा. तालुक्याच्या आंतरशालेय कबड्डी स्पर्धा होत्या आणि संघाबरोबर शिक्षक म्हणून मला पाठवलं होतं. मला कबड्डीतलं काय कळणार, पण जाऊन जाऊन मीही रमले. आमच्या संघात नववीतला एक मुलगा होता. नाव सांगत नाही. कोपरारक्षक. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला, हाडापेराने दणकट, वर्गात तोंड न उघडणारा. त्याची घोट्याची पकड म्हणजे सुटका नाही.

उपांत्य सामन्यात शेवटची दोन-तीन मिनिटं. गुण बरोबरीत. समोरचा चढाईपटू, पोरसवदा, हलका, याच्या कोपऱ्यात आला. याने घोटा धरला. तो पोरगा मध्यरेषेकडे झेपावला. आणि मी रेषेबाहेरून, चाळिशीच्या आतली एक बाई, साडीचा पदर खोचून, घसा फोडून ओरडत होते, "धर! सोडू नकोस! आपट त्याला!" आपट. हा शब्द माझा. याने त्याला उचलून आपटला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. पंचांनी पकड ग्राह्य धरली. आम्ही जिंकलो. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो मुलगा उठत नाहीये.

दोन दिवसांनी त्या शाळेकडून तक्रार आली. आमच्या शाळेला आपलं नाव स्वच्छ ठेवायचं होतं. ठरलं की मुलाला पंचवीस रुपये दंड करायचा आणि तसं पत्र तिकडे पाठवायचं. वर्गशिक्षिका मी, म्हणून दंडाची चिठ्ठी माझ्याच हस्ताक्षरात. पंचवीस रुपये म्हणजे त्याच्या बापाची दोन-तीन दिवसांची मजुरी होती. मला ठाऊक होतं. मी लिहिली चिठ्ठी.

तो आठवडाभर आला नाही. मग आला तेव्हा रुमालात बांधलेली चिल्लर घेऊन आला. माझ्या टेबलावर मोजून ठेवली. आणि मान खाली घालून, अजिबात उद्धटपणा न करता, म्हणाला, "बाई, तुम्हीच तर आपट म्हणाला होता ना?"

मी काय बोलले असेन? काही नाही. पावती फाडली.

ते पैसे हाड मोडलेल्या मुलाला गेले नाहीत. क्रीडा निधीत जमा झाले. पुढच्या वर्षी त्या निधीतून संघाला नवे बनियन आले. तो मुलगा मात्र पुन्हा कबड्डी खेळला नाही. दहावीनंतर कुठे गेला मला माहीत नाही. दंड चुकीचा होता का? नाही म्हणवत नाही, हाड त्यानेच मोडलं होतं. पण पंचवीसातले वीस तरी माझे होते. ते मी भरले नाहीत.

असो. हे चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. घरच्यांनाही आजच वाचायला मिळेल.

आता परत पिट्सबर्गला. हॅरिसनच्या त्या धडकेचे फोटो, दंड झाला त्याच आठवड्यात, लीगच्याच संकेतस्थळावर विकायला होते! बोभाटा झाला तेव्हा काढले. बाहेरच्या पुरवठादाराची चूक म्हणाले. असेलही. पण वर्षानुवर्षं अशाच धडकांची चित्रं दाखवून हा खेळ लोकप्रिय झाला, हे काही पुरवठादाराने केलेलं नाही. चोराला म्हणायचं चोरी कर आणि सावाला म्हणायचं सावध राहा, त्यातली ही गत.

याहून वाईट प्रकरण न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाचं. २००९ ते २०११ या तीन मोसमांत तिथे बचावपटूंसाठी बक्षिसांची थैली चालू होती. समोरच्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं तर हजार डॉलर, अगदी बेशुद्ध केलं तर दीड हजार. थैली चालवण्यात बचावाचा प्रशिक्षक होता. २०१२ मध्ये हे उघड झालं. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन वर्षभरासाठी बाहेर, संघाला ५ लाख डॉलर दंड. चार खेळाडूंवरही बंदी घातली होती, पण त्यांच्या अपिलावर लीगचे माजी आयुक्त पॉल टॅगलियाबू यांनी ती डिसेंबरमध्ये उठवली. मुख्य दोष प्रशिक्षक आणि संघाच्या अधिकाऱ्यांचा आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. हे वाचल्यावर मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. "आपट" म्हणणाऱ्याकडे कुणीतरी बोट दाखवलं.

लीगनेही काही शिकलं नाही असं नाही. २०११ च्या मे महिन्यात ठरलं की एकाच संघाच्या खेळाडूंना वारंवार असे दंड होत असतील तर संघालाही भुर्दंड पडेल. दिशा बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की ती पुरेशी नाही.

आणि नुसत्या खेळाडूच्या दंडाने काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते. डोक्याला लागलं तर दंड, हे मनात इतकं बसलं की बचावपटू खाली, पायांवर जाऊ लागले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या डी. जे. स्वेअरिंजर या नवख्या खेळाडूने मायामीच्या डस्टिन केलरच्या गुडघ्यावर धडक दिली. गुडघ्याचा चुराडा झाला. केलर त्यानंतर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. स्वेअरिंजरने सांगितलं की वर गेलो असतो तर दंड झाला असता, म्हणून खाली गेलो. आणि ती धडक नियमात होती. पाण्याला एक वाट बंद केली की ते दुसरी शोधतं. जोर तेवढाच राहिला, जागा बदलली.

म्हणून नियम बदलणं हे दंडापेक्षा मोठं काम आहे असं मला वाटतं. २०१८ पासून डोकं खाली घालून धडक देणं हीच चूक धरली जाते, मग ती कुणीही, कुणालाही दिलेली असो. म्हणजे आज क्रिब्जलाही थोडं संरक्षण मिळालं असतं. २०२४ मध्ये मागून कमरेला धरून आपलं वजन समोरच्याच्या पायांवर टाकायची पद्धत बंद केली. त्याच वर्षी सामन्याची सुरुवात करण्याची पद्धतही अशी बदलली की दोन्हीकडचे लोक लांबून धावत येऊन एकमेकांवर आदळणार नाहीत. या गोष्टींनी मुळात धडकच कमी होते. शाळेत जिन्यावर मुलं पडतात म्हणून धावणाऱ्याला दंड करता येतो, आणि जिन्याला कठडा पण बांधता येतो.

नातवाला मी परवा फोन केला आणि माझं म्हणणं सांगितलं. लिहूनही ठेवते, म्हणजे पुन्हा भांडताना सोपं.

एक, डोक्यावर धडक देणाऱ्याला शिक्षा हवीच. हेतू नव्हता म्हणून समोरच्याचं डोकं कमी दुखत नाही. दोन, ती शिक्षा पैशांपेक्षा सामन्यांत मोजावी, आणि पैशांत मोजायचीच तर पगाराच्या प्रमाणात मोजावी. तीन, जेवढा खेळाडूला तेवढाच भाग प्रशिक्षक आणि मालकाच्या वाट्याला यावा, पहिल्याच चुकीपासून. चौथ्या चुकीला जागं होऊन उपयोग नाही. चार, ज्या चुकीला पंच मैदानावर चूक म्हणाले नाहीत तिला नंतर दंड करताना, तिथे नेमकं काय करायला हवं होतं हे खेळाडूला दाखवून द्यावं. नुसता आकडा पाठवू नये. आणि पाच, दंडाच्या पैशातला काही भाग ज्याला लागलं त्याच्यासाठी असावा. पंचवीस रुपयांतून बनियन घेऊ नयेत.

नातवाने ऐकून घेतलं. तिसरा आणि चौथा मुद्दा पटला म्हणाला. दुसऱ्यावर म्हणाला, "आजी, बंदी घातली तर आमचा संघ हरेल ना!" मी म्हटलं, "अरे, म्हणूनच!"

मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "आजी, मी टीव्हीसमोर ओरडतो, 'हिट हिम, हिट हिम'. ते पण चूक का?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कबड्डीची गोष्ट त्याला अजून माहीत नव्हती. म्हटलं, एक लेख लिहितेय, तो बाबांकडून वाचून घे, आणि मग तूच मला सांग. त्याला मराठी वाचता येत नाही, कळतं मात्र सगळं. मुलगा म्हणाला आहे की येत्या रविवारी सामन्याआधी वाचून दाखवतो.

तुम्हा वाचकांपैकी कुणी कबड्डी, हॉकी, कुस्ती खेळलेले असाल, मुलांना शिकवलेलं असेल, तर तुमचा अनुभव जरूर कळवा. माझं चुकत असेल तर तेही सांगा. बाईंना चूक दाखवायला आता कुणी घाबरायचं कारण नाही. मी पावती फाडत नाही.